सलाम न करणाऱ्या मुली

भारतातून मला अमेरिकेबद्दल जे प्रश्न नेहमी विचारले जातात त्यातला एक हमखास असतो: "तिकडे म्हणे झेंडा जाळला तरी कुणी काही करत नाही. खरं का?" विचारणाऱ्याच्या आवाजात अर्धं आश्चर्य असतं आणि अर्धी नाराजी. ज्या देशात लोक घराच्या दारावर झेंडा लावतात, गाड्यांच्या शोरूमबाहेर दोन मजली इमारतीएवढा झेंडा फडकतो, बेसबॉलच्या प्रत्येक सामन्याआधी राष्ट्रगीत होतं, तो देश झेंडा जाळणाऱ्याला सोडून कसा देतो?

थोडक्यात उत्तर द्यायचं तर, हो, खरं आहे. १९८४ साली डॅलस शहरात रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन चालू असताना ग्रेगरी ली जॉन्सन नावाच्या माणसाने निषेध म्हणून झेंडा जाळला. टेक्सास राज्याने त्याला एक वर्षाची शिक्षा ठोठावली. प्रकरण वर वर जात १९८९ मधे सुप्रीम कोर्टात पोचलं आणि ५ विरुद्ध ४ मतांनी तो सुटला. त्या पाचात अँटनिन स्कालिया होते. पक्के उजवे न्यायमूर्ती. झेंडा जाळणारी माणसं मला अजिबात आवडत नाहीत, असं ते पुढे जाहीरपणे सांगत असत. पण आवडनिवड वेगळी आणि राज्यघटना वेगळी. या निकालावर उतारा म्हणून घटनादुरुस्ती करायचे बरेच प्रयत्न झाले. २००६ साली सिनेटमधे तो प्रस्ताव फक्त एका मताने पडला. म्हणजे इथली जनता झेंड्याबद्दल उदासीन आहे असं अजिबात नाही.

पण या निकालाचं मूळ झेंडा जाळण्यात नाही. ते झेंड्याला सलाम न करण्यात आहे, आणि ती गोष्ट शाळकरी पोरांची आहे. आज तीच सांगणार आहे, कारण ती जितकी अमेरिकेची आहे तितकीच आपलीही आहे.

आपल्या शाळेतली प्रतिज्ञा आठवते ना? सावधान, उजवा हात समोर सरळ, आणि पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर छापलेली वाक्यं एका सुरात. इथल्या शाळांमधेही सकाळी तसंच असतं. अमेरिकेची प्रतिज्ञा फ्रान्सिस बेलामी नावाच्या धर्मोपदेशकाने १८९२ साली लिहिली आणि तेव्हा तीही हात समोर ताणूनच म्हटली जायची. मग युरोपात हिटलर आला, आणि पन्नास वर्षं अमेरिकेची शाळकरी पोरं जो सलाम करत होती तो बघणाऱ्यांना भलत्याच कुणाचा वाटायला लागला. डिसेंबर १९४२ मधे अमेरिकन काँग्रेसने नियम बदलला आणि हात छातीवर आला.

ज्यांनी आधी सलाम नाकारला ते 'यहोवाचे साक्षीदार' या छोट्या ख्रिस्ती पंथाचे लोक होते. देवाखेरीज कशालाच वंदन करायचं नाही अशी त्यांची श्रद्धा. जर्मनीत त्यांच्या पंथाच्या लोकांनी हिटलरला सलाम नाकारला म्हणून त्यांना तुरुंगात आणि छळछावण्यांत टाकलं जात होतं. पेनसिल्व्हेनियातल्या मायनर्सव्हिल या कोळसा खाणींच्या गावात १९३५ साली लिलियन आणि विल्यम गोबायटस या १२ आणि १० वर्षांच्या भावंडांनी शाळेत सलाम करायचं थांबवलं. विल्यमने शाळेच्या मंडळाला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं, की माझं देशावर प्रेम नाही असं नाही, देशावर आहेच, पण देवावर जास्त आहे. मंडळाने दोघांना शाळेतून काढून टाकलं. वडिलांचं किराणा दुकान होतं, त्यावर बहिष्कार घालायची भाषा सुरू झाली.

वडील कोर्टात गेले. खालच्या दोन्ही कोर्टांत जिंकले आणि जून १९४० मधे सुप्रीम कोर्टात ८ विरुद्ध १ अशा मतांनी हरले. (नोंदीत कारकुनाने आडनावाचं स्पेलिंगही चुकवलं, त्यामुळे खटला कायमचा 'गोबायटिस' म्हणून ओळखला जातो.)

इथे थोडं थांबून निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायमूर्तींकडे बघायला हवं. फेलिक्स फ्रँकफर्टर. व्हिएन्नात जन्मलेले, लहानपणी इंग्रजीचा एक शब्द न येता आईवडिलांबरोबर न्यूयॉर्कला आलेले ज्यू. या देशाने त्यांना सुप्रीम कोर्टाच्या खुर्चीपर्यंत नेलं आणि त्यांनी या देशावर निस्सीम प्रेम केलं. युरोपात फ्रान्स कोसळत होता. राष्ट्रीय ऐक्य हाच राष्ट्रीय सुरक्षेचा पाया आहे, आणि ते ऐक्य झेंड्यासारख्या प्रतीकांमधून घडतं, तेव्हा शाळेने सलाम सक्तीचा केला तर कोर्टाने मधे पडू नये, असं त्यांचं म्हणणं. हा वाईट माणसाचा युक्तिवाद नव्हता. बाहेरून येऊन ज्याला सगळं मिळालं त्या माणसाचा तो कृतज्ञ युक्तिवाद होता. आम्हा परदेशस्थ मंडळींना तो फार ओळखीचा वाटतो. इथे १५ ऑगस्टच्या मिरवणुकीत सगळ्यात मोठ्याने घोषणा देणारा आणि नवं नागरिकत्व मिळाल्यावर अंगणात सगळ्यात मोठा झेंडा लावणारा पुष्कळदा एकच माणूस असतो. दोन्ही वेळा तो मनापासून करतो. पण आपल्या मनातलं ते दुसऱ्याच्या मनातही असलंच पाहिजे, आणि नसेल तर कायद्याने आणलं पाहिजे, इथे घोटाळा सुरू होतो.

निकालानंतर काय झालं? देशभर या पंथाच्या लोकांवर हल्ले झाले. मेन राज्यातल्या केनेबंकमधे त्यांचं प्रार्थनागृह जाळलं. वेस्ट व्हर्जिनियातल्या रिचवुडमधे जमावाने काहींना बळजबरीने एरंडेल पाजलं, दोरीने बांधून गावातून फिरवलं, आणि या कामात एक डेप्युटी शेरीफ स्वतः सामील होता. कोर्टाने फक्त 'शाळा सक्ती करू शकते' एवढंच म्हटलं होतं. रस्त्यावरच्या लोकांनी त्याचा अर्थ 'हे लोक देशद्रोही आहेत' असा लावला. कायदा एक बोट पुढे सरकला की जमाव हातभर पुढे जातो, हे सगळ्या देशांत सारखंच आहे.

त्याच वेस्ट व्हर्जिनियात जानेवारी १९४२ मधे, म्हणजे पर्ल हार्बरनंतर महिन्याभरात, शिक्षण मंडळाने सलाम सक्तीचा केला. पालक-शिक्षक संघ, स्काउट, रेडक्रॉस यांनी तक्रार केली की हात पुढे करायची पद्धत हिटलरच्या सलामासारखी दिसते. त्यांच्यासाठी पद्धत थोडी बदलली. साक्षीदारांच्या पोरांसाठी मात्र काहीच बदललं नाही. सलाम न करणाऱ्या पोराला शाळेतून काढायचं. मग पोर 'बेकायदा गैरहजर' ठरणार आणि आईबापांवर खटला भरता येणार! चार्ल्सटनजवळच्या एका छोट्या शाळेतल्या गॅथी आणि मारी बार्नेट या बहिणींना घरी पाठवलं गेलं. त्यांचे वडील इतर दोन पालकांबरोबर कोर्टात गेले. (यांच्याही आडनावाचं स्पेलिंग चुकलंच.)

१४ जून १९४३ ला निकाल लागला. १४ जून हा अमेरिकेचा झेंडा दिन. महायुद्ध भरात होतं, रोज पोरं मरत होती. त्या दिवशी सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी आपलाच तीन वर्षांपूर्वीचा निकाल फिरवला. आधी फ्रँकफर्टरांच्या बाजूने असलेल्या तीन न्यायमूर्तींनी मधल्या काळात आपलं मत बदललं होतं. निकालपत्र रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिलं, जे पुढे न्यूरेंबर्गच्या खटल्यात नाझी पुढाऱ्यांविरुद्ध अमेरिकेचे मुख्य वकील झाले. त्यांच्या म्हणण्याचा गोषवारा असा: राजकारण, राष्ट्रवाद, धर्म यात काय मानायचं हे ठरवण्याचा आणि लोकांकडून ते वदवून घेण्याचा अधिकार कुठल्याही लहानमोठ्या अधिकाऱ्याला नाही. काही हक्क मतदानाच्या पलीकडे ठेवलेले असतात. मतभेद बळाने मिटवायला निघालं की शेवटी माणसंच मिटवावी लागतात आणि मग जे एकमत उरतं ते स्मशानातलं असतं. आणि ज्याने फारसं काही बिघडत नाही अशाच गोष्टींत मतभेदाची मुभा असेल तर ते स्वातंत्र्य नुसतं नावाचं.

मी इंजिनियर आहे, त्यामुळे शेवटचं वाक्य मला लगेच पटतं. पुलाची ताकद त्यावरून सायकल गेली म्हणून सिद्ध होत नाही. चाचणी करायची तर भरलेले ट्रक उभे करावे लागतात. भाषणस्वातंत्र्याची चाचणीही सगळ्यांना आवडणाऱ्या माणसावर होत नाही.

आता इथे अमेरिकेला टाळ्या वाजवून लेख संपवता आला असता. पण बरोबर एका आठवड्याने, २१ जून १९४३ ला, त्याच नऊ न्यायमूर्तींनी एकमताने दुसरा निकाल दिला. सिअॅटलचा गॉर्डन हिराबायाशी, वॉशिंग्टन विद्यापीठाचा विद्यार्थी, जन्माने अमेरिकन नागरिक. आईवडील जपानी म्हणून त्याच्यावर रात्रीच्या संचारबंदीची सक्ती. त्याने ती मुद्दाम मोडली, स्वतः एफबीआयच्या कचेरीत गेला आणि लेखी सांगितलं की हा हुकूम घटनेत बसत नाही. कोर्टाने त्याची शिक्षा कायम केली. जॅक्सनही त्यात होते. जपानी वंशाचे सुमारे १,२०,००० लोक, त्यातले दोनतृतीयांश अमेरिकन नागरिक, तेव्हा काटेरी तारांच्या छावण्यांत होते. सलाम न करणाऱ्या मुली सुटल्या आणि रोज सलाम करणारी जपानी पोरं तारांच्या आत राहिली! पुढे १९४४ च्या कोरेमात्सु खटल्यात जॅक्सन यांनी विरोधी मत दिलं, पण ते अल्पमतात होते. देशाने अधिकृत माफी मागितली ती १९८८ मधे, हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर देऊन. त्या कायद्याचं नाव 'नागरी स्वातंत्र्य कायदा'.

म्हणून मला 'अमेरिकेत स्वातंत्र्य आहे, आपल्याकडे नाही' छापाची वाक्यं आवडत नाहीत. स्वातंत्र्य कुठल्याही देशात भिंतीत बसवून ठेवलेलं नसतं. १९४० ला ते नव्हतं, १४ जूनला आलं, २१ जूनला एका वेगळ्या रंगाच्या माणसासाठी पुन्हा नव्हतं. दर वेळी कुणीतरी हट्टाने उभं राहिलं, कुणीतरी त्याचं वकीलपत्र घेतलं, तेव्हा ते इंचभर पुढे सरकलं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं आपल्या काय कामाचं?

सक्तीच्या प्रेमाची व्याख्या आपल्याच मुंबईत कोर्टाने केली होती. १८९७ साली 'केसरी'तल्या लिखाणाबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. कायद्यात सरकारबद्दल 'अप्रीती' निर्माण करणं हा गुन्हा होता. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला अर्थ समजावून सांगितला: अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. झालं! म्हणजे सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा. टिळकांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. १९०८ ला त्याच कलमाखाली सहा वर्षं मंडाले. इंग्रज गेले, पण १२४-अ हे कलम राहिलं. मे २०२२ मधे सुप्रीम कोर्टाने त्याचा वापर थांबवायला सांगितलं. जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, त्यात 'राजद्रोह' हा शब्द नाही, पण कलम १५२ आहे. ते वाचून बघा आणि त्यात टिळकांचे अग्रलेख बसले असते का याचा तुम्हीच विचार करा.

आणि बार्नेट बहिणी आपल्याकडेही होऊन गेल्या. १९८५ साली केरळमधे बिजो, बिनू आणि बिंदू इमॅन्युएल या तीन भावंडांना शाळेतून काढलं. तोच पंथ. राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहात, फक्त गात नसत. ऑगस्ट १९८६ मधे सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी त्यांना शाळेत परत घ्यायला लावलं. निकालपत्रात त्यांनी बार्नेट खटल्याचा आधार घेतला, आणि शेवटी म्हटलं की आपली परंपरा, आपलं तत्त्वज्ञान आणि आपली घटना तिन्ही सहिष्णुता शिकवतात, ती पातळ करू नका. राष्ट्रगीत गायलाच हवं असा कुठलाही कायदा नाही, हे तेव्हाच ठरलं होतं.

तरीही नोव्हेंबर २०१६ मधे त्याच कोर्टाने चित्रपटगृहांत राष्ट्रगीत सक्तीचं केलं. महाराष्ट्रात तर ते त्याआधी बरीच वर्षं चालूच होतं. त्याच वर्षी बातमी आली की पणजीच्या मल्टिप्लेक्समधे राष्ट्रगीताला उभा राहिला नाही म्हणून एका माणसाला मागून मारहाण झाली. तो लेखक होता, आणि मणक्याच्या दुखापतीमुळे व्हीलचेअरवर होता. रिचवुडचं एरंडेल आठवलं की नाही? पुढे २०१७ मधे सुनावणीत न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी विचारलं की लोकांनी आपली देशभक्ती बाहीवर लावून का फिरायचं? जानेवारी २०१८ मधे सक्ती गेली.

माझे एक मामा या मुद्द्यावर माझ्याशी नेहमी वाद घालतात. "अरे, बावन्न सेकंद उभं राहायला काय जातं तुमचं?" मामा, काहीच जात नाही. मी उभा राहतो, गातोही, आणि परक्या देशात ते सूर कानावर पडले तर घसा दाटतो. प्रश्न माझा नाहीच. प्रश्न शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचा आहे. माझं प्रेम खरं आहे हे मला त्याच्या गुडघ्यांवरून सिद्ध करायचं नाहीये. नाक दाबलं की तोंड उघडतं, पण उघडलेल्या तोंडातून प्रेम बाहेर पडत नाही. तोंडदेखलं प्रेम तेवढं मिळतं, आणि तोंडदेखल्या प्रेमावर घरसुद्धा चालत नाही, देश कुठला चालणार?

"पण आपला देश नाजूक परिस्थितीत आहे, अमेरिकेचं वेगळं," हा मामांचा दुसरा मुद्दा. देश नेहमीच नाजूक परिस्थितीत असतो! १९४३ मधे अमेरिका युद्धात होती. १९७५ मधे आपल्याकडे आणीबाणी होती, तीही 'देश वाचवायला'च आणलेली. कलम १९ चे हक्क स्थगित असतानाच १९७६ ला घटनेत नागरिकांची मूलभूत कर्तव्यं घातली गेली, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्याच काळात कराडच्या साहित्य संमेलनात, मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असताना, अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या त्या दुर्गाबाई भागवत. पुढे त्यांना अटक झाली. त्या सभेत देशावर सगळ्यात जास्त प्रेम कुणाचं होतं, असं आज विचारलं तर उत्तर द्यायला कुणाला वेळ लागेल का?

आता इथली आजची गोष्ट, कारण ती टाळून हा लेख प्रामाणिक राहणार नाही. टफ्ट्स विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या रुमेसा ओझतुर्क या तुर्की विद्यार्थिनीने तिघांबरोबर मार्च २०२४ मधे विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात एक लेख लिहिला, गाझाच्या प्रश्नावर विद्यापीठाने घेतलेल्या भूमिकेवर टीका करणारा. मार्च २०२५ मधे साध्या वेशातल्या, तोंड झाकलेल्या सरकारी माणसांनी तिला रस्त्यावरून उचललं आणि हजार-दीड हजार मैलांवरच्या लुइझियानात डांबलं. सहा आठवड्यांनी तिला सोडताना न्यायाधीशांनी म्हटलं की त्या लेखाखेरीज दुसरा पुरावा समोर आलेला नाही. जून २०२५ मधे विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करणाऱ्यांना सोशल मीडियावरची खाती तपासणीसाठी खुली करायला सांगितलं गेलं. ऑगस्टमधे राष्ट्राध्यक्षांनी झेंडा जाळणाऱ्यांवर खटले भरायचा आदेश काढला, त्यात परदेशी लोकांचे व्हिसा काढून घ्यायचीही तरतूद आहे. सप्टेंबरमधे बोस्टनच्या एका फेडरल न्यायाधीशांनी निकाल दिला की इथे कायदेशीर राहणाऱ्या परदेशी माणसालाही बोलायचं तेवढंच स्वातंत्र्य आहे. रेगननी नेमलेले, ऐंशी ओलांडलेले न्यायाधीश आहेत ते.

मीही व्हिसावरच आहे. ग्रीन कार्डची भारतीयांची रांग किती लांब आहे ते तुम्हाला ठाऊक असेलच. हे लिहू नकोस असं दोन मित्रांनी मला सांगितलं, प्रेमानेच. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, घरात लहान मुलं असली की माणूस हिशोब करतोच. पण बघा, कायद्याने कुणाचंही तोंड बंद केलेलं नाही, तरी ऑफिसच्या कँटीनमधे आम्ही देशी मंडळी हल्ली फक्त क्रिकेट आणि घरांच्या किमतींवर बोलतो. जॅक्सन म्हणाले होते ते स्मशानातलं एकमत एकदम येत नाही, असं जेवणाच्या टेबलापासून सुरू होतं.

इथे नागरिकत्व घेणाऱ्याला शपथ घ्यावी लागते. त्यात तो राज्यघटनेचं रक्षण करायचं वचन देतो. राष्ट्राध्यक्षाच्या शपथेतही तेच. आपल्याकडे त्या मूलभूत कर्तव्यांच्या यादीतही पहिल्या वाक्यात घटना आधी येते, झेंडा आणि राष्ट्रगीत त्यानंतर. हा क्रम उगाच नाही. झेंडा ज्या वचनाची खूण आहे ते वचन घटनेत आहे. ते वचन मोडून झेंड्याला कितीही कडक सलाम ठोकला तरी तो कापडालाच पोचतो.

तेव्हा देशभक्त कोण हे ओळखायची माझी कसोटी साधी आहे. राष्ट्रगीताला तो किती ताठ उभा राहतो हे मी बघत नाही. शेजारी बसून राहिलेल्या माणसाच्या अंगावर कुणी धावून आलं, तर हा मधे उभा राहतो का, एवढंच बघतो. त्या बसलेल्या माणसाचं मत याला मुळीच पटत नसेल, तर उत्तमच.